टायर आतून का झिजतो? अलाइनमेंटचे बिल भरण्याआधी घरी मोजून पाहा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन वर्षांत तीन वेळा पैसे मोजून अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, करून घेतल्यानंतरही माझ्या छोट्या मोटारीचे पुढचे दोन्ही टायर अवघ्या १८ हजार किलोमीटरमध्ये आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजले. बाहेरून पाहणाऱ्याला ते निम्मेसुद्धा वापरलेले वाटले नसते. तुळजापूरला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवा तपासायला गेलो असता पंक्चरच्या दुकानातील मुलाने मला स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायला सांगितले आणि उघड्या पडलेल्या आतल्या कडेवर बोट ठेवून तो म्हणाला, ‘काका, ह्या टायरवर उद्या जाऊ नका.’ त्या मुलाचे माझ्या कुटुंबावर उपकार आहेत. दुसऱ्या दिवशीचा प्रवास मी रद्द केला, नवे टायर बसवण्यासाठी सुमारे नऊ हजार रुपये खर्च केले आणि हे कशामुळे झाले ते स्वतः शोधायचे ठरवले. त्या शोधात जे हाती लागले ते आपल्या दैनिकामार्फत शहरातील मोटारधारकांपुढे ठेवावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांच्या देखभालीचे काम आयुष्यभर केले. मोटारींचा मी मेकॅनिक नाही. परंतु मागाच्या कामात एक गोष्ट हाडीमाशी मुरते : कापडात दोष दिसला की आधी तो कुठून येतो ते मोजून पाहायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा. ताण्याचे काही धागे ढिले असले तर चादरीत पट्टा उमटतो, आणि तो पट्टा पाहून कोणी वेग बदलू लागला तर दिवसभराचा माल वाया जातो. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो. पाच हजार किलोमीटर झाले, करा अलाइनमेंट. गाडी डावीकडे ओढते, करा अलाइनमेंट. स्टिअरिंग थरथरते, तरीही करा अलाइनमेंट. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी असू शकतात, हे ना गाडीचा मालक विचारतो, ना यंत्रावर काम करणारा सांगतो.

प्रथम शब्दांचा उलगडा करतो, कारण बिलावर ते छापलेले असतात आणि बहुतेकांना त्यांचा अर्थ ठाऊक नसतो. माणूस उभा असताना त्याच्या पायांचे चवडे किंचित आत वळलेले असावेत, तशी पुढची चाके वरून पाहिल्यावर पुढच्या टोकाला एकमेकांकडे वळलेली असली तर त्याला टो-इन म्हणतात आणि चवडे बाहेर फाकल्यासारखी दिसली तर टो-आउट. चाक समोरून पाहिल्यावर वरच्या बाजूला आत किंवा बाहेर कललेले असणे म्हणजे कॅम्बर. सायकलचा पुढचा चिमटा जसा सरळ उभा नसून तिरका असतो, आणि त्यामुळे हात सैल सोडले तरी हँडल आपोआप सरळ होऊ पाहते, तसा मोटारीच्या पुढच्या चाकाच्या वळणाच्या अक्षाला असलेला कल म्हणजे कॅस्टर. या तिघांपैकी टो हा एकच असा आहे की जो सामान्य माणूस घराच्या अंगणात विश्वासाने मोजू शकतो आणि अंगात सावधपणा असेल तर दुरुस्तही करू शकतो. कॅम्बर मोजता येतो. पण बहुतेक छोट्या गाड्यांत त्याला दुरुस्तीची सोय जवळजवळ नसते. कॅस्टर घरी मोजण्याच्या फंदात पडू नये.

टोमधील दोन-तीन मिलिमीटरचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. माझ्या गाडीच्या १४ इंची रिमच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे अंतर सुमारे ३९० मि.मी. भरते. एका चाकाच्या या दोन कडांच्या मापात अडीच मिलिमीटरचा फरक असेल तर ते चाक प्रत्येक किलोमीटरला सुमारे साडेसहा मीटर बाजूला जाऊ पाहते. गाडी त्याला जाऊ देत नाही, त्यामुळे तेवढा ताण रबरावर येतो आणि रबर रस्त्यावर खरवडले जाते. सोलापूरहून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे; म्हणजे नुसते जाताना या हिशेबाने जवळजवळ २९० मीटर टायर आडवा ओढला गेला. टो-आउट असेल तर ही झीज आतल्या कडेवर येते, टो-इन जास्त असेल तर बाहेरच्या. आतली कड गाडीखाली लपलेली असते, म्हणून टो-आउटचा दोष अधिक धोक्याचा.

टायरवरून तळहात फिरवला तरी बरेच कळते. गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, टायरच्या नक्षीवरून बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे आणि नंतर उलट दिशेने हात फिरवावा. एका दिशेने हात गुळगुळीत जात असेल आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारख्या कडा बोटांना अडकत असतील तर दोष टोमध्येच आहे असे बहुतांशी समजावे. बाहेरून आत येताना अडकल्यास टो-आउट, आतून बाहेर जाताना अडकल्यास टो-इन. (हात आत घालण्यापूर्वी टायरमधून तार बाहेर आलेली नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे; मला जखम झाली आहे.) याउलट एकच कड झिजलेली पण हाताला दोन्ही दिशांनी गुळगुळीत लागणारी असेल तर कॅम्बरवर संशय घ्यावा. मधला पट्टा झिजला असेल तर हवा सतत जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा सतत कमी. आणि टायरवर ठिकठिकाणी खळगे पडलेले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग पाहावे लागते. तिथे अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी उपयोग होत नाही.

गाडी एका बाजूला ओढते या तक्रारीबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. पुढच्या चाकांचा टो चुकला म्हणून गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही. दोन्ही चाके टाय रॉडने (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याने) एकमेकांशी जोडलेली असल्याने टोमधील चूक धावताना दोघांत समान वाटली जाते. परिणामी स्टिअरिंगचे चक्र सरळ रस्त्यावर तिरके राहते, गाडी इकडेतिकडे भरकटल्यासारखी वाटते, टायर झिजतो. पण ती ठामपणे एका बाजूला जात नाही. ओढण्याची कारणे निराळी असतात. एका टायरमध्ये हवा कमी असणे हे सर्वांत साधे. सोलापूरच्या उन्हाळ्यात एक गंमत घडते, ती मी अनेकदा मोजून पाहिली आहे : पारा ४० अंशांच्या पुढे असताना गाडीची एक बाजू उन्हात आणि दुसरी भिंतीच्या सावलीत उभी असेल तर दोन्हीकडच्या टायरांच्या दाबात सहज दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो, कारण तापमानात दहा अंशांची वाढ झाली की सुमारे दीड पीएसआय दाब वाढतो. अशा वेळी हवा ‘समान’ करून घेतली तर संध्याकाळी ती असमान झालेली असते. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, थंड टायरमध्ये तपासावी. दुसरे कारण ब्रेक पूर्ण न सुटणे. चार-पाच किलोमीटर गाडी शक्यतो ब्रेक न लावता चालवून थांबल्यावर चारही रिमच्या जवळ हात नेऊन पाहावा. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे तापले असेल तर गाडी ब्रेकच्या कामाला न्यावी. तिसरे कारण टायर स्वतःच. पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहावेत (ज्यांच्यावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण आहे ते सोडून). ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरच्या बांधणीत आहे, चाकाच्या कोनात नाही. एवढे करूनही ओढ तशीच राहिली तर कॅम्बर किंवा कॅस्टर दोन्ही बाजूंना असमान असण्याची शक्यता येते आणि तिथे यंत्र लागते. शिवाय आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मध्यावर उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या बाजूने चालणारी गाडी किंचित डावीकडे झुकणे हा दोष नव्हेच.

आता मोजण्याची रीत. यासाठी मला लागलेले साहित्य असे होते : तंगूसाची दोरी, विजेच्या वायरिंगसाठी वापरतात तसे दोन सरळ लोखंडी पाइप, चार लाकडी स्टुले, गवंड्याचा ओळंबा, पाणसळ आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खुणा असलेली पोलादी पट्टी. जागा सपाट हवी. आमच्या घरासमोर शहाबादी फरशी आहे. तिचा उतार पाणसळीने तपासून जिथे चारही चाकांखाली सर्वांत कमी फरक आला तिथे मी गाडी उभी केली. टायरमधील हवा दरवाजाच्या चौकटीवर छापलेल्या आकड्याप्रमाणे करून घेतली. डिकीतील सगळे सामान काढले. गाडी चार-पाच मीटर सरळ पुढे ढकलून थांबवली, कारण मागे घेतलेली किंवा जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी चाकांच्या सांध्यांत ताण धरून उभी असते आणि तिचे माप खोटे येते. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरते ते मोजून त्याच्या बरोबर मध्यावर आणले आणि दोरीने सीटला बांधून टाकले.

दोन्ही पाइपांवर गाडीच्या रुंदीपेक्षा थोड्या जास्त, पण अगदी समान अंतरावर, करवतीने बारीक खाचा केल्या. एक पाइप गाडीच्या पुढे आणि एक मागे, चाकाच्या मध्याच्या उंचीवर स्टुलांवर ठेवून खाचांतून तंगूस ताणला आणि टोकांना विटा बांधल्या. दोन्ही पाइपांवरील खाचांतले अंतर सारखेच असल्याने दोन्ही दोऱ्या आपोआप समांतर राहतात. उरते ते गाडीला त्यांच्या मध्ये आणण्याचे काम. पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून दोरीपर्यंतचे अंतर पुढच्या उजव्या चाकाइतके, आणि मागच्या डाव्याचे मागच्या उजव्याइतके, होईपर्यंत पाइप सरकवत राहावे. पुढच्या आणि मागच्या चाकांतील माप एकमेकांशी जुळेलच असे नाही, कारण अनेक गाड्यांत पुढच्या व मागच्या चाकांमधील रुंदी वेगळी असते. हे जुळवण्यात मला पहिल्या दिवशी दीड तास लागला. दोरी टायरला किंवा गाडीच्या अंगाला कुठेही टेकता कामा नये. टेकली तर सगळी मेहनत वाया.

मग प्रत्येक चाकासाठी रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत, दोन मापे. पुढचे माप मागच्यापेक्षा कमी आले तर चाकाचे पुढचे टोक बाहेर, म्हणजे टो-आउट. जास्त आले तर टो-इन. रिम खड्ड्यात आपटून किंचित वाकलेले असू शकते, म्हणून गाडी थोडी पुढे ढकलून चाक अर्धा फेरा फिरल्यावर तीच मापे पुन्हा घ्यावी आणि सरासरी काढावी.

येथे माझ्या सगळ्या शोधाला कलाटणी मिळाली. उजव्या चाकाचे माप मी तीन वेळा घेतले, तिन्ही वेळा दोन मिलिमीटर टो-आउट. डाव्या चाकाचे माप तीन वेळा घेतले आणि तीन उत्तरे आली : एकदा एक, एकदा चार, एकदा अडीच. आधी मी दोरीला दोष दिला, मग पट्टीला, मग स्वतःच्या डोळ्यांना. दोरी पुन्हा ताणली, चष्मा पुसला, मुलीला माप घ्यायला बसवले. तिच्याही हाती तोच प्रकार. तेव्हा ध्यानात आले की मोजणाऱ्याचा हात हलत नसेल तर हलते आहे ते चाकच. गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर घेतला आणि डाव्या चाकाला घड्याळातील ९ आणि ३ च्या जागी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवले. खट् असा स्पष्ट आवाज आला. टाय रॉड एंडचे, म्हणजे रॉडच्या चाकाकडील टोकाच्या सांध्याचे, रबर फाटून आत धूळ-पाणी गेले होते आणि त्याचा गोळा आपल्या वाटीत सैल झाला होता. (१२ आणि ६ च्या जागी धरून वर-खाली हलवल्यावर प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला असता तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग पाहावे लागले असते.)

म्हणजे दोन वर्षांत तीन वेळा माझ्या गाडीचे अलाइनमेंट झाले ते एका सैल सांध्यावर. यंत्राच्या पडद्यावर त्या क्षणी आकडे हिरवे झाले असतील, यात मला शंका नाही. पण गाडी खाली उतरून पहिल्या गतिरोधकावर आपटताच ते आकडे बदलले असणार. यंत्र खोटे नव्हते. यंत्रावर गाडी चढवण्यापूर्वी चाक हलवून पाहायला जे अर्धे मिनिट लागते, ते तिन्ही वेळा कोणी दिले नाही, आणि ते द्यायला सांगायचे मलाही सुचले नाही. तिन्ही ठिकाणी छापील कागद मागितला असता ‘आता सगळे बरोबर आहे’ एवढेच उत्तर मिळाले होते. मी कोणत्याही दुकानाचे नाव येथे लिहीत नाही, कारण ही सवय एका दुकानापुरती नाही असे मला वाटते.

सैल झालेला एंड बदलण्याचे काम मी गल्लीतील गॅरेजमध्ये करून घेतले. त्याला पुलर, म्हणजे सांधा ओढून काढणारे अवजार, लागतो, आणि हातोड्याने ठोकून काढताना शेजारचे रबर फाटण्याची भीती असते. त्यानंतर अंगणात पुन्हा दोरी ताणली तेव्हा डाव्या चाकाचे माप तिन्ही वेळा सारखे आले : तीन मिलिमीटर टो-आउट. उजव्याचे दोन. एकूण पाच. आतल्या कडा का खाल्ल्या गेल्या, याचे उत्तर पट्टीवर उभे होते.

दुरुस्तीबद्दल लिहिताना मी जाणीवपूर्वक सावध आहे. ज्यांनी कधी पाना धरलेला नाही त्यांनी मोजण्यापर्यंतच थांबावे, आणि मापांचा कागद घेऊन गॅरेजमध्ये जावे. त्यानेही काम अर्धे सोपे होते. ज्यांच्या गाडीत रस्त्यावरचे पट्टे ओळखून स्टिअरिंगला साहाय्य करणारा कॅमेरा बसवलेला आहे, त्यांनी घरी टाय रॉडला हातच लावू नये, कारण टो बदलल्यावर त्या यंत्रणेला आणि स्टिअरिंगच्या सेन्सरला सरळ दिशा नव्याने शिकवावी लागू शकते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, एका क्षणासाठीही, जाऊ नये. विटांचा थर हा स्टँड नव्हे. वीट भाराखाली न सांगता फुटते. सुट्या भागांच्या दुकानात पोलादी स्टँडची जोडी मिळते, ती घ्यावी, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावावे आणि घरातील एक माणूस जवळ उभा ठेवावा.

टाय रॉड आणि त्याचे टोक आट्यांनी जोडलेले असतात आणि त्यावर एक लॉकनट असतो. प्रथम नटाची जागा रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे काही बिघडले तर मूळ जागी परत येता येते. आट्यांवर तेल सोडून रात्रभर ठेवावे. रबरी घडीची जी टोपी रॅकच्या (स्टिअरिंग फिरवल्यावर टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या दात्यांच्या दांड्याच्या) टोकाला असते तिची क्लिप सैल करावी, नाही तर रॉड फिरवताना टोपी पिळवटून फाटते आणि नवीनच दुखणे सुरू होते. स्टिअरिंगचा रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या मागे असेल, जसा अनेक छोट्या गाड्यांत असतो, तर टाय रॉडची लांबी वाढवल्याने चाकाची मागची बाजू बाहेर ढकलली जाते आणि टो-आउट कमी होतो. रॅक पुढे असेल तर परिणाम उलटा होतो. माझ्या गाडीत रॉड अर्धा फेरा फिरवल्यावर रिमच्या कडांवर सुमारे दोन मिलिमीटरचा फरक पडला, म्हणून पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नये असे मी सुचवतो. स्टिअरिंगचे चक्र सरळ राहावे यासाठी दोन्ही चाके आपापल्या दोरीपासून वेगवेगळी जुळवावी लागतात. एकाच बाजूने सगळी भर काढली तर टो बरोबर येतो पण चक्र तिरके होते. प्रत्येक बदलानंतर चाके जमिनीवर ठेवून गाडी चार-पाच मीटर पुढे ढकलावी, स्टिअरिंग पुन्हा मध्यावर बांधावे आणि मगच मोजावे. हे कंटाळवाणे आहे, पण यातला एकही टप्पा गाळता येत नाही. लॉकनट शेवटी घट्ट आवळताना रॉड किंचित फिरतो, म्हणून आवळल्यानंतरचे माप हेच खरे माप.

किती मापाला आणायचे, ते आपल्या गाडीच्या निर्मात्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावे. काही पुस्तकांत दोन्ही चाकांचा मिळून टो मिलिमीटरमध्ये दिलेला असतो, काहींत एका चाकाचा अंश आणि मिनिटांत. या दोन्हींची गल्लत केली तर दुरुस्ती दुप्पट चुकते. १४ इंची रिमवर १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ९ मिनिटे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे. माझ्या गाडीसाठी शून्याच्या आसपासचे माप अपेक्षित होते. मी दोन्ही चाके तिथे आणली, पहाटे रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने चालवून पाहिली आणि त्याच आठवड्यात यंत्रावर तपासायला नेली. या वेळी कागद घेतल्याशिवाय गाडी हलवणार नाही असे आधीच सांगितले होते. यंत्राचे आकडे आणि माझी मापे यांत प्रत्येक चाकामागे अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक निघाला नाही.

कॅम्बरसाठी ओळंबा कामी येतो. रिमच्या वरच्या कडेसमोर ओळंबा सोडून वरची आणि खालची कड दोरीपासून किती दूर आहे ते मोजावे. ३९० मिलिमीटरच्या रिमवर सुमारे पावणेसात मिलिमीटर म्हणजे एक अंश. डाव्या-उजव्या बाजूंत तीन-साडेतीन मिलिमीटरहून अधिक तफावत असेल तर खड्ड्याच्या आघाताने चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म, स्ट्रट किंवा त्याची बैठक वाकली असण्याची शक्यता मोठी असते. मागच्या चाकांची मापेही याच दोरीवर घ्यावी. अनेक छोट्या गाड्यांत मागचा कणा एकसंध असतो आणि तिथे जुळवणीची सोय नसते. एक मागचे चाक आत आणि दुसरे बाहेर वळलेले आढळले तर गाडी खेकड्यासारखी तिरपी धावते आणि पुढे कितीही जुळवले तरी स्टिअरिंग सरळ राहत नाही. अशा वाकलेल्या भागांवर घरी कोणताही उपाय करू नये, ठोकून सरळ करणाऱ्याकडेही नेऊ नये, भाग बदलावा.

हे सर्व सोलापूरकरांना सांगावेसे वाटते त्याला कारण आहे. आपल्या शहराखाली काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाण्याच्या किंवा सांडपाण्याच्या नळासाठी रस्ता आडवा खणला की बुजवलेला चर एका पावसाळ्यात खचतो आणि त्याच्या दोन्ही काठांवर चाके आपटत राहतात. जुळे सोलापूरपासून नवी पेठेपर्यंत येताना मी असे चर मोजत असे. आता मोजत नाही, वेग कमी करतो. शिवाय तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर अशा वाऱ्या आपल्या घराघरांतून होतात, आणि त्या बहुधा पूर्ण भरलेल्या गाडीने, लहान मुले आणि वृद्ध आईवडील यांना घेऊन, महामार्गाच्या वेगाने होतात. आतून तारेपर्यंत झिजलेला टायर याच वेगात आणि याच भाराखाली फुटतो. टायरच्या खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. परंतु हे उंचवटे बाहेरच्या कडेवर पाहून चालत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून, विजेरी घेऊन, आतल्या कडेवर पाहावे लागतात.

आपल्या दैनिकाकडून आणि शहरातील जाणकारांकडून माझ्या तीन अपेक्षा आहेत. अलाइनमेंट करणाऱ्या प्रत्येक दुकानाने गाडी यंत्रावर घेण्यापूर्वी चारही चाके हलवून प्ले तपासावा, तो आढळल्यास मालकाला दाखवावा आणि तो दूर होईपर्यंत अलाइनमेंटचे पैसे घेऊ नयेत. कामाआधीचे आणि कामानंतरचे आकडे असलेला कागद न मागता हाती द्यावा. आणि शहरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी वर्षातून एकदा, शक्य तर दिवाळीच्या सुट्टीआधीच्या एखाद्या रविवारी, आपल्या मोटार मेकॅनिक विभागाच्या अंगणात दोरी आणि पट्टीने टो मोजण्याचे प्रात्यक्षिक नागरिकांसाठी ठेवावे. विद्यार्थ्यांनाही त्यातून हाताने मोजण्याची सवय लागेल. असे प्रात्यक्षिक कोणी ठरवलेच तर माझे खाचा पाडलेले दोन पाइप, ओळंबा आणि तंगूसाचे रीळ घेऊन मी आनंदाने येईन. माझ्या झिजलेल्या दोन टायरांपैकी एक मी मुद्दाम ठेवला आहे. त्याची आतली आणि बाहेरची कड शेजारी शेजारी पाहिली की मला जे दोन हजार शब्दांत लिहावे लागले ते पाहणाऱ्याला लगेच कळते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त यंत्रमाग फिटर,
जुळे सोलापूर